डॉ. दत्ता सामंत: प्रत्येक संप जिंकणारा डॉक्टर गिरण्यांच्या संपात का हरला?

लोअर परळ स्टेशनला उतरून फिनिक्स मॉलकडे चालत निघालात, तर काचेच्या टॉवरच्या गर्दीत मध्येच एखादी विटांची जुनी चिमणी दिसते. आजूबाजूला ऑफिसं, हॉटेलं, पब. फिनिक्स ही एकेकाळी कापडाची गिरणी होती आणि कमला मिल्सच्या नावात तर अजूनही मिल आहे, हे तिथे कामाला जाणाऱ्या अनेकांच्या लक्षातही येत नाही.

या भागाला गिरणगाव म्हणायचे. परळ, लालबाग, वरळी, नायगाव, डिलाईल रोड. पहाटे भोंगा वाजला की चाळीच्या चाळी रस्त्यावर उतरायच्या. मग 1982 साली एक संप झाला आणि गिरणगाव संपलं, असं घराघरात सांगितलं जातं. या गोष्टीत एक नाव हमखास येतं, डॉ. दत्ता सामंत.

कुणी म्हणतं डॉक्टरांनी कामगारांना देशोधडीला लावलं. कुणाच्या घरात आजही त्यांचा फोटो भिंतीवर आहे. एकाच माणसाबद्दल इतकी टोकाची मतं का? त्यासाठी आधी हा माणूस कोण होता ते बघायला लागतं.

दगडखाणीतले पेशंट

दत्तात्रय नारायण सामंत यांचा जन्म 21 नोव्हेंबर 1932 चा. गाव देवबाग, मालवणच्या जवळचं. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदीची खाडी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. त्या काळात कोकणातल्या बहुतेक घरांचं गणित सारखंच होतं. गावात भात आणि मासे, रोख पैसा मात्र मुंबईहून येणार, मनीऑर्डरने. घरटी एक माणूस मुंबईत, आणि त्यातले बरेचसे गिरणीत.

दत्ता सामंतही मुंबईला आले, पण ते शिकायला. परळच्या केईएम हॉस्पिटलशी जोडलेल्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमधून ते एमबीबीएस झाले. म्हणजे डॉक्टरकीचं शिक्षण झालं ते गिरणगावाच्या ऐन मध्यात. दवाखाना मात्र त्यांनी टाकला घाटकोपरच्या पंतनगरमध्ये.

घाटकोपरच्या आसपास तेव्हा दगडखाणी होत्या. खाणीत काम करणारे मजूर डॉक्टरांकडे यायचे. दगडाची धूळ छातीत गेलेली, हातापायाला जखमा, अंगात ताकद नाही. औषध लिहून दिलं तरी आठवड्याने तोच माणूस तसाच परत यायचा, कारण त्याच्या मजुरीत पोटभर जेवणही होत नव्हतं. दुखणं खाणीतलं आहे आणि औषध दवाखान्यात मिळणार नाही, हे डॉक्टरांच्या लक्षात आलं. त्यांनी खाणकामगारांची संघटना बांधायला घेतली. इथून त्यांची कामगार चळवळ सुरू झाली.

ही सुरुवात महत्त्वाची आहे, कारण सामंत मार्क्स वाचून कामगारांकडे आले नव्हते. मुंबईतले जुने कामगार पुढारी बहुतेक डाव्या पक्षांतून घडलेले. सामंतांकडे ना पक्षाची शिस्त होती ना विचारसरणीची पुस्तकं. त्यांचा प्रश्न साधा असायचा, कंपनी चालते ना, मग कामगाराचा पगार एवढा कमी का?

कंपन्यांना धडकी भरवणारा डॉक्टर

पुढे ते काँग्रेसमध्ये आणि काँग्रेसच्या इंटक या कामगार संघटनेत गेले. 1972 साली काँग्रेसच्या तिकिटावर आमदार झाले. त्याच वर्षी विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यातल्या वादात हिंसाचार झाला आणि सामंतांचं नाव मुंबईभर झालं. मालकांच्या लेखी ते दहशत पसरवणारे पुढारी ठरले, तर कामगारांच्या लेखी मालकाला न घाबरणारे.

आणीबाणीत त्यांना तुरुंगात टाकण्यात आलं, ते सत्ताधारी काँग्रेसचेच असूनही. 1977 साली ते सुटले तेव्हा त्यांची लोकप्रियता आधीपेक्षा कितीतरी वाढली होती. पुढची चार-पाच वर्षं मुंबई-ठाण्याच्या औद्योगिक पट्ट्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा घडत होती. एखाद्या कारखान्यातले कामगार जुन्या युनियनला कंटाळायचे, पंतनगरला डॉक्टरांच्या ऑफिसात यायचे आणि तिथूनच लाल झेंडा घेऊन गेटवर जायचे. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्ससारख्या मोठ्या कारखान्यातही त्यांनी आधीच्या युनियनला मागे टाकलं आणि घसघशीत पगारवाढ मिळवली.

त्यांची पद्धत ठरलेली होती. कंपनीचा ताळेबंद, नफा-तोट्याचे आकडे यात ते अडकायचे नाहीत. मागणी मोठी ठेवायची, संप करायचा आणि संप लांबला तरी मागे हटायचं नाही. त्यांच्या आंदोलनांत मारामाऱ्या झाल्या, माणसं जखमी झाली, खून झाल्याचे आरोप झाले. ही बाजू लपवून सामंत समजत नाहीत. पण पद्धत चालत होती, हेही तितकंच खरं.

ती का चालत होती? कारण हे कारखाने जोरात होते. इंजिनिअरिंग, मोटारी, औषधं, रसायनं. बाजारात मालाला मागणी होती. मशीन एक दिवस बंद राहिलं की मालकाचं रोजचं नुकसान. महिना-दोन महिने नुकसान सोसण्यापेक्षा पगार वाढवलेला परवडतो, असं मालक हिशोब करायचा आणि सही करायचा.

हा हिशोब लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट यावर उभी आहे.

गिरणीत नक्की काय चाललं होतं?

मुंबईतली पहिली कापडगिरणी 1854 साली कावसजी दावर यांनी ताडदेवला स्थापन केली. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत या धंद्याने मुंबई घडवली. 1980 च्या सुमाराला शहरात साठच्या आसपास गिरण्या होत्या आणि त्यात अडीच लाखांच्या घरात कामगार होते.

पण अडीच लाख हा फक्त हजेरीपटावरचा आकडा झाला. एका कामगाराच्या मागे गावाकडचं कुटुंब असायचं. खोली लहान, माणसं जास्त, त्यामुळे जेवणाची सोय खाणावळीत. परळ-लालबागच्या घराघरांतून बायका गिरणी कामगारांसाठी खाणावळी चालवायच्या. या बायकांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवायला प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. शिवाय चहावाले, किराणावाले, गावमंडळांच्या खोल्या, भजनी मंडळं, व्यायामशाळा, गणपतीची मंडळं. सगळ्यांचा खर्च गिरणीच्या पगारातून निघायचा.

आणि हा धंदा आतून पोखरला जात होता.

1950 च्या दशकात सरकारने हातमाग वाचवण्यासाठी गिरण्यांना माग वाढवायला बंधनं घातली. त्याचा फायदा हातमागाला कमी आणि यंत्रमागाला जास्त झाला. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीत यंत्रमागांचे कारखाने उभे राहिले. तिथे कर कमी, मजुरी कमी, युनियन नाही, कामाचे तास बारा-बारा. तेच कापड तिथे स्वस्तात विणून निघू लागलं. त्यात टेरिलीन-पॉलिस्टरची फॅशन आली.

मुंबईच्या गिरण्यांत मात्र जुनीच यंत्रं खडखडत होती. अनेक मालकांनी गिरणीत कमावलेला पैसा पुन्हा गिरणीत घालण्याऐवजी दुसऱ्या धंद्यात घातला. काही गिरण्या तोट्यात जाऊन सरकारच्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे आधीच गेल्या होत्या. दुसरीकडे मुंबईतल्या जागेचे भाव चढत होते आणि गिरण्या उभ्या होत्या शहराच्या अगदी मध्यावर, सुमारे 600 एकरांवर.

कामगाराला यातलं बाकी काही दिसो न दिसो, पगार दिसत होता. एकेकाळी मुंबईत गिरणीची नोकरी म्हणजे पक्की नोकरी. आता इंजिनिअरिंग आणि औषधाच्या कारखान्यातला शेजारी त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त कमावत होता. बदली कामगारांचे हाल तर विचारू नका. रोज पाळीच्या वेळी गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर काम मिळणार, नाहीतर घरी परत. वर्षानुवर्षं असं करूनही अनेकांना कायम केलं जात नव्हतं.

युनियन बदलायची सोयच नव्हती

इथे एक कायदा मध्ये येतो. 1946 चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा, म्हणजेच बीआयआर ॲक्ट. या कायद्यानुसार मुंबईतल्या सगळ्या गिरण्यांसाठी एकाच प्रातिनिधिक युनियनला मालकांशी बोलणी करायचा हक्क होता. हा हक्क होता काँग्रेसशी जोडलेल्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे. कामगारांचा या संघावरचा विश्वास उडाला होता, पण विश्वास उडाला म्हणून युनियन बदलता येत नव्हती. इतर कारखान्यांतल्या कामगारांनी डॉक्टरांचा झेंडा लावला की मालक त्यांच्याशी बोलायचा. गिरणीत मात्र डॉक्टरांशी बोलायचं कायदेशीर कारणच मालकांकडे नव्हतं.

1981 च्या दिवाळीत बोनसवरून ठिणगी पडली. मजदूर संघाने केलेला करार कामगारांना मान्य नव्हता आणि काही गिरण्यांमध्ये काम थांबलं. कामगारांचे जथ्थे घाटकोपरला डॉक्टरांकडे जाऊ लागले. त्यांनी आपल्या लढ्याचं नेतृत्व करावं, असा हट्ट होता.

सामंतांना गिरणीधंद्याचा अनुभव नव्हता. त्यांनी सुरुवातीला लगेच होकार दिला नाही. पण माणसं मागे हटेनात. शेवटी डॉक्टर तयार झाले. हे विसरता येत नाही की संप डॉक्टरांनी कामगारांवर लादला नव्हता, कामगारच तो घेऊन त्यांच्या दारात आले होते. मागण्या होत्या पगारवाढीच्या, बदली कामगारांना कायम करण्याच्या आणि बीआयआर कायदा रद्द करण्याच्या.

18 जानेवारी 1982

या दिवशी सगळ्या गिरण्यांचे भोंगे एकदम थांबले. साचेखात्यातला कान फोडणारा खडखडाट बंद झाला. मंत्रालयातही गोंधळच होता. बॅरिस्टर अंतुले यांनी नुकताच राजीनामा दिला होता आणि बाबासाहेब भोसले यांचा शपथविधी अजून व्हायचा होता. संप सुरू झाला तेव्हा राज्यात मुख्यमंत्री बदलत होता.

पहिले काही महिने उत्साह अफाट होता. मोर्चे, सभा, जेल भरो. कामगार गावाला निघून गेले, कुणी कोकणात, कुणी साताऱ्याला, कुणी कोल्हापूरला. गावाने धान्य दिलं. सामंत गावोगाव फिरून सभा घेत होते. इतर कारखान्यांतल्या त्यांच्या युनियनच्या कामगारांनी वर्गणी काढली. संप दोन-तीन महिन्यांत मिटेल अशी सगळ्यांची खात्री होती, कारण डॉक्टरांचे संप तसेच मिटत आले होते.

पण इथे तो हिशोब उलटा फिरला.

गिरणी बंद राहिली म्हणून मालकाचं नुकसान होत होतं का? गोदामात न विकलेला माल पडून होता. तो विकला गेला. कापड हवंच असेल तर भिवंडीतून विणून घेता येत होतं, त्यावर गिरणीचा शिक्का मारून बाजारात आणता येत होतं. एवढी मोठी संपाची बातमी, पण देशात कापडाची टंचाई झाली नाही. उलट एरवी हजारो कामगार एकदम कमी करायचे तर सरकारची परवानगी लागायची. आता संपामुळे ते आपोआप बाहेर होते. तोट्यातल्या गिरणीच्या मालकाला संप लवकर मिटावा असं वाटायचं काही कारणच उरलं नव्हतं.

कामगार काम थांबवून मालकाला अडचणीत आणतो, हे संपाचं हत्यार आहे. ज्या धंद्यातून मालकालाच बाहेर पडायचंय, तिथे हे हत्यार चालत नाही. आयुष्यभर चालत्या कारखान्यात लढलेल्या सामंतांना बुडत्या धंद्यात लढायची वेळ आली होती.

सरकारनेही हात आखडला. बीआयआर कायदा रद्द केला तर मजदूर संघ संपतो, आणि डॉक्टर जिंकले तर उद्या गोदी आणि इतर सार्वजनिक उद्योगांतले कामगारही त्यांच्याकडे जातील, ही भीती इंदिरा गांधींच्या सरकारला होती, असं तेव्हापासून मानलं जातं. संप बेकायदेशीर ठरला. सरकारने किरकोळ हंगामी पगारवाढ आणि उचल देऊ केली, पण सामंतांशी तडजोड केली नाही.

सामंतही मागे आले नाहीत. त्यांच्यावरची सगळ्यात गंभीर टीका हीच आहे. सहा महिन्यांनंतर चित्र स्पष्ट होत असताना त्यांनी मिळेल ते पदरात पाडून घ्यायला हवं होतं, असं त्यांच्यासोबत संपात उतरलेल्या डाव्यांपैकीही काहींना वाटत होतं. ऑगस्ट 1982 मध्ये मुंबईत पोलिसांचंच बंड झालं, शहर पेटलं, गिरणी कामगारही रस्त्यावर उतरले. त्यानंतर सरकार आणखी कठोर झालं.

मुंबईच्या चाळींत आधी भांडी गेली, मग मंगळसूत्रं गेली. मुलांच्या शाळा सुटल्या. खाणावळीवाल्या बायकांची उधारी बुडाली. हळूहळू काही कामगार मान खाली घालून कामावर परतू लागले, पण गेटवर गेल्यावर कळायचं की सगळ्यांना परत घेणार नाहीत. 1983 च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने 13 गिरण्या ताब्यात घेतल्या. काही गिरण्या सुरू झाल्या त्या कमी माणसांवर. एक लाखाहून अधिक कामगारांची नोकरी कायमची गेली. संप मागे घेतल्याची घोषणा मात्र कधीच झाली नाही, त्यामुळे कागदोपत्री तो आजही संपलेला नाही, असं म्हणतात.

हरलेल्या पुढाऱ्याला मतं कुणी दिली?

संपाची वाताहत झाल्यावर कामगार सामंतांवर चिडले असतील, असं वाटतं ना? 1984 च्या डिसेंबरमध्ये लोकसभा निवडणूक झाली. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची लाट, काँग्रेसला देशात 400 हून अधिक जागा. त्या लाटेत मुंबई दक्षिण मध्य, म्हणजे गिरणगावाच्या मतदारसंघातून दत्ता सामंत अपक्ष म्हणून निवडून आले.

ज्यांची नोकरी गेली होती, त्याच घरांनी त्यांना मतं दिली होती. डॉक्टर हरले असतील, पण विकले गेले नाहीत, ही भावना त्यामागे होती.

पुढे कामगार आघाडी या पक्षातून त्यांचं राजकारण सुरू राहिलं, पण तो दबदबा परत आला नाही. 1989 साली ते लोकसभेत हरले. कारखाने मुंबईबाहेर जायला लागले होते, कायम कामगारांच्या जागी कंत्राटी आले होते. सामंत मात्र पंतनगरच्या ऑफिसात बसत होते आणि कामगार येत होते.

दरम्यान गिरण्यांच्या जमिनीचा खेळ सुरू झाला. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट खुली झाली. जागेचे साधारण तीन वाटे करायचे होते. एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 साली नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती उरली. ज्या जागेवर गिरणीचं बांधकाम होतं ती हिशोबातून बाहेर गेली आणि लोकांच्या वाट्याला फारच थोडी जागा आली. मधल्या काळात या जमिनींभोवती गुंडांच्या टोळ्याही फिरू लागल्या होत्या. 1994 साली खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांचा भररस्त्यात खून झाला.

16 जानेवारी 1997. सकाळी सामंत पवईच्या घरातून पंतनगरच्या ऑफिसकडे निघाले. घरापासून थोड्याच अंतरावर त्यांची गाडी अडवून मारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या. डॉक्टर गेले. दोनच दिवसांनी गिरणी संपाला 15 वर्षं पूर्ण होणार होती. अंत्ययात्रेला हजारो कामगार आले. हत्येचा कट रचल्याचा आरोप गँगस्टर छोटा राजनवर होता. जुलै 2023 मध्ये विशेष न्यायालयाने पुराव्याअभावी त्याची निर्दोष सुटका केली.

मग गिरण्या कुणी बंद पाडल्या?

संप झाला नसता तर गिरण्या टिकल्या असत्या का? अहमदाबादमध्ये असा संप झाला नाही, तरी तिथल्या गिरण्या 1980 च्या दशकात एकामागून एक बंद पडल्याच. जुनी यंत्रं, यंत्रमागाची स्पर्धा आणि चुकलेली धोरणं तिथेही होती. म्हणजे धंदा उतरणीलाच होता.

पण धंदा उतरतो तेव्हा कामगाराला हिशोब करून, नुकसानभरपाई देऊन, दुसरं काम शिकवून बाहेर काढता येतं. संपामुळे इथे तो हिशोबच झाला नाही. मालकांना, सरकारला आणि नंतर बिल्डरांना एक सोयीचं उत्तर मिळालं, की गिरण्या दत्ता सामंतांनी बंद पाडल्या. सामंतांचा हट्ट नडला हे खरंच आहे. त्यांना धंद्याचा ताळेबंद वाचायची सवय नव्हती, आणि याच एका लढाईत तो वाचणं गरजेचं होतं. पण 600 एकरांचं पुढे काय करायचं, हे त्यांनी ठरवलं नाही.

जून 2012 मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांसाठी 6,925 घरांची सोडत काढली. अर्ज लाखाहून जास्त होते. अनेक अर्ज कामगारांच्या मुलांचे होते, कारण स्वतः कामगार तोवर हयात नव्हते. घरासाठीचे मोर्चे त्यानंतरही निघत राहिले. त्या मोर्च्यांत सत्तरी ओलांडलेली माणसं असतात, हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत गिरणीचं तिकीट, पगाराची पावती, भविष्यनिर्वाह निधीचा कागद असतो. अमुक सालात आपण अमुक गिरणीत होतो, हे सिद्ध करायला त्यांना तेवढाच पुरावा उरलाय.